वाचकांचे प्रश्न: डाउनलोडसाठी लायब्ररी कुठली घ्यायची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, त्यामुळे बाकीचे प्रश्न (प्रिंटरवाले, माफ करा) पुढच्या अंकात घेते. आधी सांगलीहून आलेलं मोठं पत्र, थोडं कापून.

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, शाळांना दान मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल अशी छोटी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय. लिनक्स कर्नल, मसल (सी ची छोटी मूळ लायब्ररी), बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडांचा छोटा संच) आणि वर आमचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्राम), सी मध्ये लिहिलेला, लायसन्स जीपीएल व्ही२. सध्या पॅकेज उतरवायला आम्ही सरळ सी चं सिस्टिम() फंक्शन वापरून शेलमधून बिझीबॉक्सचा डब्ल्यूगेट (डाउनलोडची कमांड) चालवतो. तो मध्येच लटकतो, कधी अर्धी फाइल येते, कॉलेजच्या प्रॉक्सीमागे (नेटकडे जाताना लागणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) काय होतं ते तर कळतच नाही. आता नीट लायब्ररी (आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) घ्यायची ठरवलंय पण भांडण सुरू आहे. एकजण म्हणतो लिबकर्ल, दुसरा म्हणतो ते फार जड आहे, बीएसडीवाल्यांचं लिबफेच घे, आणि तिसरा म्हणतो एचटीटीपीचं गेट तर आहे, दोनशे ओळीत स्वतःच लिहू. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर: तिसऱ्याला आधी चहा पाजा आणि समजवा. दोनशे ओळीत गेट लिहून होतं, खोटं नाही, पण मग रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर जा असं उत्तर) आला, चंक्ड एन्कोडिंग (तुकड्यातुकड्याने येणारं उत्तर) आलं, प्रॉक्सी आली, आयपीव्ही६ चा पत्ता आहे पण रस्ता बंद आहे अशी नेटवर्कं आली, आणि सगळ्यात वर टीएलएस (एचटीटीपीएसच्या मागचं एन्क्रिप्शन), म्हणजे त्या दोनशे ओळींचं काय होतं ते तुम्हीच बघा. आणि हे अनुभवी लोकांनाही चुकतं. डेबियन लिनक्सच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरने एचटीटीपीचा कोड स्वतःचा लिहिलेला आहे, इतकी वर्षं वापरात, आणि तरी जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या रीडायरेक्ट हाताळणीत असा दोष सापडला की मध्ये बसलेला माणूस खोटा हॅश (फाइल तीच आहे का ते ओळखायचा आकडा) घुसवून रूटच्या, म्हणजे मुख्य युजरच्या, अधिकाराने काहीही चालवू शकला असता. सीव्हीई-२०१९-३४६२ (दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा नंबर), शोधून वाचा, फार शिकण्यासारखं आहे. डेबियनकडे तो दोष मिळाल्यावर लगेच बसून दुरुस्त करणारी माणसं होती. तुमच्याकडे परीक्षा चालू असताना कोण बसणार?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, लायब्ररी किती केबीची हा नाही. पुढची आठ-दहा वर्षं यातले दोष तुमच्यासाठी कोण दुरुस्त करणार, ते बघून निवडा.

आता लिबफेच. मला ते आवडतं, खरंच. फ्रीबीएसडी ३.० बरोबर १९९८ मध्ये आलं, बीएसडी लायसन्स, कोड एका बैठकीत वाचून होतो, आणि यूआरएल दिला की तुम्हाला थेट फाइलचा पॉइंटर मिळतो, तो नेहमीच्या फाइलसारखा वाचत बसायचं. सी शिकलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय असणार. अल्पाइन लिनक्सचा एपीके आणि व्हॉइड लिनक्सचा एक्सबीपीएस दोघांनी तेच घेतलंय. पण कसं घेतलंय ते बघा, दोघांनी कोडची प्रत आपापल्या सोर्स कोडमध्ये ठेवलीय, म्हणजे दोष सापडला की प्रत्येकाने आपापली प्रत दुरुस्त करायची. २०२१ मध्ये एफटीपी आणि एचटीटीपीमधले आकडे वाचताना होणारी चूक सापडली, सीव्हीई-२०२१-३६१५९, ती या दोघांनाही लागली. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, फ्रीबीएसडीने स्वतः लिबफेचमधल्या बफर ओव्हरफ्लोची (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिण्याच्या चुकीची) सूचना काढली होती. याचा अर्थ लिबफेच वाईट असा मी काढत नाही, दोष सगळ्यात असतात, पण तुमच्या प्रतीपर्यंत ती दुरुस्ती पोचवणारा माणूस तुम्हालाच नेमायला लागतो. शिवाय ते एका वेळी एकच काम करतं, थांबून, आणि शेवटची एरर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतं, म्हणजे उद्या चार फाइली एकदम उतरवायच्या म्हटल्या की थ्रेडचा घोळ सुरू.

आणि गंमत म्हणजे ज्यांनी आधी लिबफेच वापरलं त्यातले काही पुढे निघून गेले. आर्च लिनक्सचा पॅकमॅन लिबफेचवर होता, २०११ मध्ये ४.० आवृत्तीला लिबकर्लवर आला. फ्रीबीएसडीचा स्वतःचा पीकेजीसुद्धा अलीकडे लिबकर्लकडे वळला, आता घरचीच लायब्ररी सोडून कुणी दुसऱ्याकडे जातं तेव्हा काहीतरी कारण असणारच ना. फेडोराकडे लिबरेपो आहे, ओपनसुसेकडे लिबझिप (libzypp), दोघांच्या पोटात लिबकर्लच.

तर माझं मत लिबकर्ल. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश माणसाने आयआरसी या चॅटवरच्या बॉटला चलनाचे दर मिळावेत म्हणून सुरू केलेलं काम, कर्ल या नावाने मार्च १९९८ मध्ये आलं, लायब्ररी २००० मध्ये. लायसन्स एमआयटीसारखं मोकळं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की २००६ पासून त्यांनी लायब्ररीचा एबीआय (कंपाइल झालेले प्रोग्राम तिच्याशी जोडले जातात ती रचना) मोडलेला नाही, आजही ती लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४ च आहे. म्हणजे सिक्युरिटी अपडेट आला की लायब्ररी बदलायची, पॅकेज मॅनेजर परत कंपाइल करायची गरज नाही. दोष तिथेही निघतात, ऑक्टोबर २०२३ मध्ये सॉक्स५ प्रॉक्सीच्या कोडमधला मोठा हीप ओव्हरफ्लो निघाला आणि ८.४.० मध्ये दुरुस्त झाला, पण तारीख आधी जाहीर करून, लिनक्स वितरणवाल्यांना (डेबियन, फेडोरा वगैरे) वेळ देऊन, कुठल्या आवृत्तीपासून कुठल्यापर्यंत लागतो ते स्वच्छ लिहून. असं काम करणारी टीम तुम्हाला फुकट मिळतेय, घ्या की.

जडपणाचं म्हणाल तर तो बराचसा तुमच्या हातात आहे. मोठ्या वितरणातलं लिबकर्ल एलडॅप, एसएसएच, आरटीएमपी, कर्बेरॉस अशी वरात घेऊन येतं म्हणून लोक घाबरतात. तुम्हाला हे काहीच लागत नाही. कंपाइल करताना फक्त एचटीटीपी ठेवायचा पर्याय आहे, बाकी सगळं बंद करा, अगदी एफटीपीसुद्धा. छोट्या उपकरणांसाठी टायनी-कर्ल म्हणून छाटलेली आवृत्ती निघाली होती, ती टीएलएस सोडून १०० केबीच्या आसपास बसवली होती, म्हणजे कल्पना करा. खरं वजन टीएलएस लायब्ररीचं असतं, आणि तिथे तुमचं लायसन्स आडवं येऊ शकतं. ओपनएसएसएल ३.० पासून अपाची २.० खाली आहे, ते जीपीएल व्ही३ शी जमतं, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या म्हणण्याप्रमाणे व्ही२ शी जमत नाही. तुमच्या कोडच्या डोक्यावर 'व्ही२ किंवा नंतरची कुठलीही' असं लिहिलंय का 'फक्त व्ही२', ते आज बघा, पहिलं असेल तर प्रश्न मिटला. दुसरं असेल तर एमबेडटीएलएस घ्या, ते अपाची किंवा जीपीएल व्ही२ असं दोन्हीत मिळतं, छोटंही आहे, आणि लिबकर्ल त्याच्यावर चालतं.

बिझीबॉक्सच्या डब्ल्यूगेटबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये म्हणून मी सांगते, कारण ती लटकण्यापेक्षा गंभीर आहे. त्याचा जो स्वतःचा आतला टीएलएस कोड आहे तो सर्टिफिकेट तपासतच नाही, आणि तसं स्क्रीनवर लिहूनही दाखवतो, पण तुम्ही ते आउटपुट बहुतेक गिळून टाकलं असणार. यूआरएल एचटीटीपीएस, आणि समोर कोण आहे याचा पत्ता नाही. त्या सिस्टिम() मध्ये फाइलचं नाव जोडत असाल तर शेलमधून काय काय चालवता येईल तो वेगळाच विषय, तो तर आजच बंद करा.

आता लिबकर्ल घेतलं की झालं असं नाही हां. त्याचे डिफॉल्ट जुन्या सवयी मोडू नयेत म्हणून ठेवलेत, पॅकेज मॅनेजरसाठी नाहीत. ४०४ आला तर डिफॉल्टने तो एरर धरत नाही, 'पेज सापडलं नाही' असं लिहिलेलं एचटीएमएल तुमच्या पॅकेजच्या नावाने सेव्ह होतं, त्यामुळे फेल-ऑन-एरर चालू करा. रीडायरेक्ट आपणहून फॉलो करत नाही, चालू करा पण मर्यादा घाला, आणि प्रोटोकॉल फक्त एचटीटीपीएस ठेवा, रीडायरेक्टसाठीसुद्धा. फाइलची कमाल साइज ठरवा, इंडेक्समध्ये (पॅकेजेसच्या यादीत) साइज लिहिलेली असतेच, त्यापेक्षा एक बाइट जास्त आला तर तोडायचं, नाहीतर खोटा मिरर (पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) तुमची डिस्क भरेपर्यंत शून्य पाठवत बसेल. आणि लटकायचं म्हणाल तर लिबकर्लसुद्धा लटकू शकतं, एकूण वेळेची मर्यादा डिफॉल्टने नाहीच, कनेक्ट होण्याची आहे ती ३०० सेकंद. एकूण वेळेची मर्यादा मात्र घालू नका! तालुक्याच्या शाळेत डोंगलवर ४० एमबीची फाइल अर्धा तास घेईल आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा लो-स्पीडचे दोन ऑप्शन आहेत, इतक्या सेकंदात इतक्या बाइटपेक्षा कमी आलं तर सोड. आकडा जपून ठरवा. पॅकमॅनने दहा सेकंदात सेकंदाला एक बाइटसुद्धा आला नाही तर सोडायचं असं ठेवलं, ऐकायला किती सैल वाटतं, पण खराब नेटवाल्यांना तेही नडलं आणि शेवटी टाइमआउट बंद करायचा ऑप्शन द्यायला लागला. मी तुमच्या जागी असते तर ६० सेकंद ठेवले असते.

अर्ध्या फाइलचं. लिबकर्लला सर्व्हरने सांगितलेल्या लांबीपेक्षा कमी आलं तर कळतं, ते एरर देतं, तुम्ही फक्त रिटर्न व्हॅल्यू बघायची. उतरवताना शेवटी डॉट पार्ट लावलेल्या नावाने उतरवा, पूर्ण झाली, हॅश जुळला, एफसिंक केलं (डिस्कवर खरंच लिहून घेतलं), मग रीनेम. रिझ्युम फक्त पॅकेजच्या फाइलींना द्या, कारण त्यांच्या नावात आवृत्ती असते आणि आतला मजकूर बदलत नाही. इंडेक्सची फाइल त्याच नावाने रोज बदलते, तिला रिझ्युम केलंत तर अर्धी कालची अर्धी आजची अशी खिचडी मिळेल. इंडेक्स नेहमी पहिल्यापासून.

प्रॉक्सीचं कोडं बहुतेक कॅपिटल अक्षरांचं आहे. लिबकर्ल एचटीटीपी प्रॉक्सीचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त स्मॉल लेटरमधलं वाचतं, कॅपिटलमधलं मुद्दाम दुर्लक्षित करतं, कारण सीजीआय (वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत) मध्ये बाहेरच्या माणसाला प्रॉक्सी नावाचा हेडर पाठवून ते व्हेरिएबल सेट करता येतं (२०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी नावाने यावर बराच गाजावाजा झाला होता). तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रॉक्सीची वेगळी ओळ ठेवा आणि ती सरळ लिबकर्लला द्या. होस्टेलच्या वायफायचं लॉगिन पेज पॅकेज म्हणून सेव्ह होतं, ते एचटीटीपीएस नीट तपासलं की जवळजवळ बंद होतं.

शेवटचं आणि जे मी तुमच्या भांडणात कुणीच बोललेलं वाचलं नाही. लायब्ररी कुठलीही घ्या, ती रूट म्हणून चालवू नका. एपीटी हे फार आधीपासून करतं, प्रत्येक प्रोटोकॉलचा वेगळा प्रोग्राम, वेगळी प्रोसेस, अंडरस्कोर एपीटी नावाच्या बिनअधिकाराच्या युजरखाली. पॅकमॅननेही २०२४ मध्ये ७.० ला डाउनलोडसाठी वेगळा युजर आणला. इंटरनेटवरून येणारा माल म्हणजे अनोळखी पाहुणा, त्याला ओसरीवर बसवा, सही-हॅश तपासून झाल्यावरच माजघरात. तुम्ही एक छोटा प्रोग्राम करा, त्याला यूआरएल, कमाल साइज आणि कुठे लिहायचं ते द्या, तो लिबकर्लशी लिंक असू दे, पॅकेज मॅनेजर स्वतः लिंक नको. उद्या लिबकर्ल सोडून दुसरं काही घ्यावंसं वाटलं तर हाच एक प्रोग्राम बदलायचा. आणि तुमच्या दुसऱ्या मित्राला लिबफेच इतकंच आवडत असेल तर त्याने ह्याच जागी बसवून दाखवावं, भांडण आपोआप मिटेल.

प्रश्न: पॅकेजवर डिजिटल सही असेल तर एचटीटीपीएस कशाला पाहिजे? मिररवाल्यांना सर्टिफिकेटचा त्रास, आणि आमच्याकडच्या जुन्या मशीनवर एचटीटीपीएस सारखं फेल होतं. — नाशिक

उत्तर: अर्धं बरोबर आहे. सही हीच खरी सुरक्षा, एचटीटीपीएस तिची जागा घेऊ शकत नाही, कारण मिररवालाच वाकडा असेल तर तो तुम्हाला एकदम वैध सर्टिफिकेट दाखवून वाकडा माल देईल. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी भाड्याने सर्व्हर घेऊन, खोट्या नावाने मिरर म्हणून अर्ज केला आणि बऱ्याच वितरणांनी त्यांना अधिकृत यादीत घेतलं, इतकं ते सोपं होतं. पण सही असून साधं एचटीटीपी ठेवलं की सही तपासायच्या आधी जो कोड चालतो, म्हणजे हेडर वाचणं, रीडायरेक्ट, अनझिप, तो सगळा रस्त्यावरच्या कुणाहीसमोर उघडा पडतो, वर एपीटीचं सांगितलं ते असंच झालं. दोन्ही ठेवा.

जुन्या मशीनवर फेल होण्याचं कारण मी पैजेवर सांगते, सीमॉसची (मशीनमधलं घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी मेलेली असणार. मशीन सुरू झालं की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची, आणि मग सर्टिफिकेट 'अजून वैध झालेलं नाही' असं येतं. इमेज बनवली त्या दिवसाची तारीख आत ठेवा आणि घड्याळ त्याच्या मागे असेल तर बूट होताना निदान तिथपर्यंत आणा, सिस्टिमडीचा टाइमसिंक असंच करतो, मग एनटीपीने नेटवरून खरी वेळ घ्या. हे करून भागलं नाही तर टीएलएस लायब्ररी किती जुनी आहे ते बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ वाली मशीनं नवं रूट यादीत असूनही अडकली होती.

प्रश्न: सी मध्ये नेटवर्कचा कोड २०२० नंतर लिहायचाच कशाला, रस्ट आहे की! — पुणे

उत्तर: आलं, पुण्याहून आलं. तुमचा पॅकेज मॅनेजरच रस्टमध्ये असेल तर रस्टएलएस (रस्टमधली टीएलएस लायब्ररी) आणि त्यावरची एखादी एचटीटीपी लायब्ररी घ्या, माझी काही हरकत नाही, उलट बरंच आहे. पण सी मधल्या प्रोजेक्टात फक्त डाउनलोडसाठी रस्ट आणायचं म्हणजे कंपायलर, क्रेट्स (रस्टच्या लायब्ररी), आणि तुम्ही ज्या जुन्या ३२ बिटवाल्या मशीनांवर बिल्ड करताय तिथली सगळी साखळी सांभाळायची. कर्लवाल्यांनी स्वतः हायपर नावाची रस्टमधली एचटीटीपी लायब्ररी आत बसवायचा प्रयत्न काही वर्षं केला आणि २०२५ च्या सुरुवातीला तो कोड काढून टाकला. दोष सापडला म्हणून नव्हे, तर वापरणारे आणि पुढे नेणारे पुरेसे मिळाले नाहीत म्हणून. रस्टएलएस मात्र बॅकएंड म्हणून अजून आहे, त्यामुळे टीएलएस पुरतं रस्ट हवं असेल तर तो मधला मार्ग आहे.

प्रश्न: डब्ल्यूगेट२ ची पण लायब्ररी आहे ना? आणि एआरआयए२? — कोल्हापूर

उत्तर: आहे, लिबडब्ल्यूगेट, एलजीपीएल व्ही३ खाली, आणि प्रोग्राम म्हणून डब्ल्यूगेट२ चांगला आहे, फेडोरा ४० ने डब्ल्यूगेट म्हणून जुन्याच्या जागी तोच दिला. पण लायब्ररी म्हणून तिच्यावर उभे असलेले प्रोजेक्ट मला फारसे दिसत नाहीत, आणि पहिलं गिऱ्हाईक व्हायची हौस ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी करू नये. एआरआयए२ जीपीएल व्ही२, टॉरेंट-मेटालिंक सगळं येतं, पण तुम्हाला लागतं त्याच्या दहापट येतं. एकाच वेळी जास्त फाइली उतरवणं हवं असेल तर लिबकर्लचा मल्टी इंटरफेस बघा, पॅकमॅन ६.० ने २०२१ मध्ये पॅरलल डाउनलोड त्यावरच केलं. जुनी कनेक्शनं परत वापरली जातात, त्यामुळे छोट्या छोट्या पन्नास पॅकेजेसना प्रत्येक वेळी टीएलएसचा हँडशेक पडत नाही, हा फरक स्लो नेटवर डोळ्याला दिसतो. मिररवाल्यावर मेहेरबानी करा आणि एकाच मिररला पाचच्या वर कनेक्शनं मारू नका.

प्रश्न: आमच्याकडच्या निम्म्या शाळांत नेटच नाही. पेनड्राइव्हवरून अपडेट द्यायचे तर तेही लिबकर्लच्या फाइल प्रोटोकॉलने करायचं का? — सांगलीवाल्यांचंच दुसरं पत्र

उत्तर: नको, फाइल प्रोटोकॉल बंदच ठेवा. लोकल डिरेक्टरी असेल तर पॅकेज मॅनेजरने सरळ ओपन करून कॉपी करायची, मध्ये लायब्ररी कशाला. सही आणि हॅश मात्र तस्सेच तपासायचे, पेनड्राइव्ह दहा मशीनांत फिरून आलेला असतो. एक अडचण येईल ती आधीच सांगते. इंडेक्सवर तुम्ही 'या तारखेपर्यंत वैध' असं घातलं असेल, आणि घालायलाच पाहिजे, नाहीतर कुणीही तुम्हाला जुनाच इंडेक्स दाखवत ठेवेल, तर पेनड्राइव्ह शाळेत पोचेपर्यंत ती तारीख उलटून गेलेली असेल. डेबियनने यात फरक केलाय, सिक्युरिटीच्या रेपोला अशी मुदत असते, मूळ स्टेबलला नसते. तुम्ही ऑफलाइनसाठी वेगळा इंडेक्स सही करा, मुदत सहा महिने वगैरे, आणि त्यात चढता सीरियल नंबर ठेवा, मशीनने मागच्या वेळी बघितला त्यापेक्षा कमी नंबरचा इंडेक्स आला तर घ्यायचा नाही, मग तो नेटवरून येवो नाहीतर पेनड्राइव्हवरून.